रोंदाला जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पेनची ट्रिप ठरली की कुणीतरी तो फोटो पाठवतंच, खोल दरी, दोन कड्यांच्या मध्ये उभा असलेला दगडी पूल आणि वर टोकाला पांढरी घरं. ते गाव रोंदा. फोटोखाली बहुतेक वेळा "मूरिश टाउन" असं लिहिलेलं असतं, आणि गंमत म्हणजे फोटोत दिसतं त्यातलं जवळपास काहीच मूर लोकांनी बांधलेलं नाही. त्यांचं जे सगळ्यात बघण्यासारखं आहे ते खाली आहे, नदीजवळ, आणि अर्ध्या दिवसाच्या टूरवाले तिथे उतरतच नाहीत. म्हणून हे प्रश्न एका जागी लिहून ठेवतेय, कारण दर उन्हाळ्यात तेच तेच विचारलं जातं.

रोंदा नक्की आहे कुठे?

दक्षिण स्पेन, आंदालुसिया प्रांत, मालागा जिल्हा. समुद्रकिनाऱ्यापासून आत, डोंगरात, साधारण ७४० मीटर उंचीवर. मालागाहून रस्त्याने १०० किलोमीटरच्या आसपास आणि सेव्हियाहून (म्हणजे सेव्हिल) १३० च्या आसपास. लोकसंख्या तीसेक हजार, म्हणजे खेडं नाही पण शहर म्हणावं असंही नाही. मधून ग्वादालेविन नावाची नदी जाते, ती उन्हाळ्यात बघितली तर विश्वास बसत नाही की एवढीशी धार एवढी दरी कापू शकते. दरीला एल ताहो म्हणतात. दरीच्या दक्षिणेला जुनं गाव, ला सिउदाद, तेच मूरांचं गाव, आणि उत्तरेला एल मेर्कादियो म्हणजे १४८५ मध्ये ख्रिश्चनांनी गाव घेतल्यानंतर वाढलेला बाजाराचा भाग. बस, रेल्वे, हॉटेलं, दुकानं सगळं उत्तरेला.

मूर म्हणजे नक्की कोण? अरब का?

अरबही आणि बर्बरही (म्हणजे उत्तर आफ्रिकेतले मूळचे लोक), आणि नंतर नंतर तर इथलेच धर्म बदललेले लोक. ७११ साली तारिक इब्न झियाद मोरोक्कोकडून समुद्र ओलांडून आला, त्याच्या सैन्यात बहुतेक बर्बर होते, आणि थोड्याच वर्षांत जवळपास सगळा स्पेन त्यांच्या हातात गेला. त्या मुलखाला अल-अंदालुस म्हणायचे. ख्रिश्चन लोक या सगळ्यांना सरसकट मूर म्हणायचे, तेव्हा ही काही एक जात किंवा एक वंश नाही. हाच शब्द पोर्तुगीज पुढे गोव्यात घेऊन आले आणि तिथल्या मुसलमानांनाही तेच म्हणायला लागले. पणजीच्या मेनेझेस ब्रागांझा इन्स्टिट्यूटच्या भिंतीवरच्या निळ्या टाइल्स बघितल्या असतील तर त्या रंगीत चकाकीच्या टाइल्सची परंपरा पण इबेरियात मूरांकडूनच आलेली, पोर्तुगाल मग गोवा अशी ती पोचली.

रोंदा मूरांकडे सातशे सत्तरच्या वर वर्षं होतं. त्यात कोर्दोबाची सत्ता मोडल्यावर अकराव्या शतकात बानू इफ्रान या बर्बर घराण्याचं छोटं स्वतंत्र राज्य पण झालं, मग ते सेव्हियाने गिळलं, पुढे ग्रानादाचे नासरी आणि मोरोक्कोचे मरीनी या दोन राजघराण्यांत हे गाव इकडून तिकडे होत राहिलं. आज जे बघायला मिळतं ते बहुतेक या शेवटच्या काळातलं, तेराव्या चौदाव्या शतकातलं.

तो प्रसिद्ध पूल मूरांनी बांधला ना?

नाही. पुएन्ते नुएव्हो म्हणजे नवा पूल, आणि तो अठराव्या शतकातला आहे. १७५१ ला काम सुरू झालं आणि १७९३ ला संपलं, उंची ९८ मीटर, शेवटी काम पुरं करणारा आर्किटेक्ट होसे मार्तिन दे आल्देउएला. याच्या आधी १७३५ मध्ये घाईघाईत एक पूल उभा केला होता तो १७४१ ला कोसळला आणि पन्नासेक माणसं गेली, म्हणून दुसऱ्या वेळी चाळीसच्या वर वर्षं घेतली. गाइड लोक हमखास एक गोष्ट सांगतात की आर्किटेक्टने आपल्या पुलावरून दरीत उडी मारली किंवा तोल जाऊन पडला. तसलं काही नाही, तो १८०२ मध्ये मालागाला वारला. मधल्या कमानीच्या वर एक खोली आहे ती पूर्वी तुरुंग म्हणून वापरायचे, आता तिकीट काढून आत जाता येतं, पण आत फार काही नाही, वेळ कमी असेल तर सोडा.

मग मूरांचं खरंखुरं काय उरलंय?

माझ्या मते महत्त्वाच्या क्रमाने सांगते. पहिला नंबर बान्योस आराबेस, म्हणजे हमाम, सार्वजनिक स्नानगृह, यावर खाली वेगळं लिहिलंय. मग ला मिना, म्हणजे कड्याच्या पोटातून नदीपर्यंत खोदलेला जिना. मग तटबंदी आणि अल्मोकाबार दरवाजा, हा तेराव्या शतकातला आहे, जुन्या गावात दक्षिणेकडून शिरायचा मुख्य दरवाजा, त्याला चिकटून नंतर सम्राट कार्लोस पाचवा याच्या काळात दुसरा दरवाजा बांधला त्यामुळे दोन राजवटी शेजारी शेजारी दिसतात. मग सान सेबास्तियानचा मिनार, हा इतका छोटा आहे की लोक समोरून निघून जातात. चौदाव्या शतकातला, खाली दगड वर वीट, दारावर घोड्याच्या नालेच्या आकाराची कमान आणि हिरव्या चकाकीचे तुकडे. मशीद गेली, तिच्या जागी चर्च आलं, चर्चही गेलं, मिनार राहिला, डोक्यावर घंटेचा मजला चढवलेला.

मग आहे कासा देल हिगान्ते, चौदाव्या शतकातलं एका श्रीमंत माणसाचं घर, मधे चौक आणि प्लास्टरची नक्षी. फार मोठं नाही, पण नासरी काळात राहतं घर कसं असायचं ते इथे कळतं, आणि गर्दी नसते हा बोनस. मोंद्रागोन राजवाडा पण यादीत असतो, तिथे म्युनिसिपल म्युझियम आहे. त्याचा बराचसा भाग १४८५ नंतरचा आहे, एक चौक मुदेहार पद्धतीचा. मुदेहार म्हणजे ख्रिश्चन राज्यात राहिलेल्या मुसलमान कारागिरांची शैली, मालक ख्रिश्चन आणि हात मूरांचा असं समजा. आंदालुसियात ज्याला लोक सरसकट अरब म्हणतात त्यातलं निम्मं असंच मुदेहार असतं.

अरब बाथ म्हणजे आत आंघोळ करता येते का?

नाही हो, ते अवशेष आहेत, आत फक्त बघायचं. ज्यांना खरंच गरम पाणी मसाज वगैरे हवंय त्यांच्यासाठी मालागा, कोर्दोबा, ग्रानादाला जुन्या धर्तीचे आधुनिक हमाम चालू आहेत, आधी बुक करावं लागतं.

पण रोंदाचा हमाम बघाच. स्पेनमध्ये उत्तम टिकलेल्या हमामांमध्ये याचं नाव येतं, आणि टिकला याचं एक कारण असं की पुराच्या गाळाखाली तो शतकानुशतकं गाडला गेलेला होता. जागा बघा कुठे निवडलीय, गावाच्या बाहेर, अगदी खाली, जिथे एक ओढा ग्वादालेविनला मिळतो तिथे, जुन्या पुलाजवळ. म्हणजे बाहेरून आलेला माणूस पूल ओलांडून वर गावात शिरायच्या आधी इथे धुऊन स्वच्छ होणार. नदीकाठी जनावराने फिरवायचा रहाट होता, तो पाणी उंचावर उपसायचा, तिथून एका बारीक पन्हळीतून पाणी हमामाच्या दुसऱ्या टोकाला भट्टीपर्यंत जायचं. आत तीन खोल्या ओळीने, थंड, कोमट आणि गरम. गरम खोलीला लागून भट्टी, तिचा धूर आणि उष्णता जमिनीखालच्या पोकळीतून फिरवलेली, म्हणजे फरशी तापायची. मधली खोली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात सुंदर, विटांच्या खांबांवर नालेच्या आकाराच्या कमानी आणि छताला चांदणीच्या आकाराची भोकं, त्यातून उजेडाचे ठिपके जमिनीवर पडतात आणि सूर्य सरकतो तसे ते पण सरकतात. आत एक छोटी फिल्म दाखवतात, रहाटापासून भट्टीपर्यंत सगळं कसं चालायचं ते, ती आधी बघा आणि मग फिरा, उलटं केलंत तर नुसत्या विटा दिसतात.

मूर राजाचा वाडा बघायचा की नाही? लोक म्हणतात फसवणूक आहे

फसवणूक नाही पण नाव दिशाभूल करणारं आहे. कासा देल रेय मोरो, म्हणजे मूर राजाचं घर, हे घर अठराव्या शतकातलं आहे, त्यात कुठलाही मूर राजा राहिला नाही. बाग तर त्याहून नवी, १९१२ ची, पार्सेन्तच्या डचेसने फ्रेंच बागरचनाकार फोरेस्तिए याच्याकडून करून घेतली, हाच तो ज्याने सेव्हियाची मारिया लुइसा पार्क केली. घर बऱ्याच काळापासून आतून बघता येत नाही, तिकीट आहे ते बाग आणि ला मिना यांचं, आणि बाकीच्या ठिकाणांपेक्षा महाग आहे. तिकीट ला मिनासाठी काढा. बाग फुकटात मिळाली असं समजा.

ला मिना म्हणजे कड्याच्या आत खोदत खोदत नदीच्या पात्रापर्यंत नेलेला जिना, दोनशेच्या आसपास पायऱ्या, मधे मधे खोल्या, पाण्याच्या टाक्या आणि बाण मारायच्या खिडक्या. रोंदा अभेद्य होतं ते तिन्ही बाजूंच्या कड्यांमुळे, पण कड्यावरच्या गावाला पाणी कुठून आणणार, तर इथून. आणि आणायचं कोणी, तर ख्रिश्चन कैद्यांनी, बेड्या घालून, कातड्याच्या पखाली पाठीवर. त्या काळी ख्रिश्चन मुलखात शिवी होती, "रोंदात पखाली वाहता वाहता मरशील". आपल्याकडे गडावर चढलं की आपण पहिल्यांदा टाकी शोधतो, टाकं आटलं की गड पडला, अगदी तेच गणित इथे आहे.

मग रोंदा पडलं कसं?

पाण्यानेच. १४८५ च्या वसंतात ख्रिश्चन राजा फेर्नान्दोने असं भासवलं की तो मालागावर चाललाय. रोंदाचा किल्लेदार हामेत एल सेग्री आपली चांगली माणसं घेऊन बाहेर लुटीला गेला, आणि मागे फेर्नान्दोने वळून गावाला वेढा घातला. एल सेग्री परत आला तोवर आत शिरायला वाट नव्हती. तोफा आणल्या होत्या, त्या काळी तोफा ही नवी गोष्ट, तटाच्या दक्षिण बाजूला म्हणजे जिथे कडा नाही तिथे मारा केला. त्यातच कादिसचा मार्केस, रोद्रिगो पोन्से दे लेओन, याच्या लोकांनी ला मिनाचं पाणी तोडलं. २२ मे १४८५ ला गाव शरण आलं. जे कैदी सुटले त्यांच्या बेड्या राणी इसाबेलाने तोलेदोला पाठवल्या. तोलेदोला जाणार असाल तर सान हुआन दे लोस रेयेस या मठाच्या बाहेरच्या भिंतीवर अजून साखळदंड टांगलेले दिसतील, आंदालुसियाच्या युद्धात सुटलेल्या कैद्यांचे. माझ्या मते रोंदा आणि तोलेदो एका ट्रिपमध्ये करणाऱ्यांनी हे नक्की जोडून बघावं, बहुतेक लोक त्या साखळ्यांकडे बघून ही काय सजावट म्हणून पुढे जातात.

मशिदींचं काय झालं?

मुख्य मशिदीच्या जागी सान्ता मारिया ला मायोर हे चर्च आलं. बांधकाम शतकभराच्या वर चाललं त्यामुळे अर्धं गॉथिक अर्धं रेनेसान्स असं झालंय. आत शिरल्या शिरल्या थांबा, प्रवेशाच्या खोलीतच मशिदीच्या मिहराबची, म्हणजे मक्केची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याची, कमान आहे, प्लास्टरची बारीक नक्षी आणि अक्षरं, नंतरच्या भिंतीमागे झाकलेली होती म्हणून वाचली. तिकिटाच्या रांगेत मोबाइल बघत उभं राहिलं तर हुकते. घंटाघर पण जुन्या मिनाराच्या बुडावरच उभं आहे.

आणि माणसांचं? तिथले मुसलमान गेले कुठे?

शरण आल्यावर बऱ्याच लोकांना गाव सोडावं लागलं, काही आफ्रिकेत गेले, काही आसपासच्या डोंगरातल्या खेड्यांत राहिले. आधी धर्म पाळायची मुभा होती, मग सक्तीने बाप्तिस्मे सुरू झाले, १५०१ मध्ये डोंगरात बंड झालं आणि त्यात आलोन्सो दे आगिलार हा मोठा सरदार मारला गेला. धर्म बदललेल्यांना मोरिस्को म्हणायचे. १५६८ ते १५७१ च्या बंडानंतर ग्रानादाच्या राज्यातल्या मोरिस्कोंना उचलून लांब लांब नेऊन विखुरलं आणि १६०९ ते १६१४ मध्ये तर सगळ्या स्पेनमधून हाकललं. म्हणजे या वास्तू ज्यांच्या, त्यांचे वारस या गावात नाहीत. गाइडबुकं "तीन संस्कृतींचा सुंदर मिलाफ" वगैरे लिहितात ना, ते वाचताना हे माहीत असलेलं बरं.

रोंदाचं कोणी प्रसिद्ध मूर आहे का? मुलांना सांगायला काहीतरी द्या

अब्बास इब्न फिर्नास! नवव्या शतकातला, जन्म या भागातला, काम कोर्दोबाच्या दरबारात. काच बनवायचा, पाण्याचं घड्याळ केलं, घरात तारामंडळासारखी खोली केली, आणि ८७५ च्या सुमारास पंख लावून उंचावरून उडी मारली. तेव्हा त्याचं वय साठीच्या पुढे. काही वेळ तरंगला म्हणतात, मग आपटला आणि पाठ मोडून घेतली. नंतरच्या एका इतिहासकाराने लिहिलंय की पक्षी शेपटीच्या जोरावर उतरतात हे तो विसरला. चंद्रावरच्या एका विवराला त्याचं नाव आहे. मुलं हे ऐकून पुलावर उभी राहून दरीकडे बघतात तेव्हा हात घट्ट धरा.

दुसरा अबू अल-बका अर-रुंदी, तेराव्या शतकातला कवी. कोर्दोबा, वालेन्सिया, सेव्हिया अशी शहरं एकेक करून हातची जात होती तेव्हा त्याने अल-अंदालुसचा विलाप लिहिला, अरबी जगात आजही तो पाठ असलेले लोक भेटतात.

एक दिवस पुरेल का? टूर कंपनी तीन तास देते

तीन तासांत पूल, बुलरिंग बाहेरून, आइस्क्रीम, संपलं. हमाम आणि ला मिना दोन्ही करायचं तर जुनं गाव धरून किमान पाच-सहा तास हवेत. माझा आग्रह मात्र एक रात्र राहायचा आहे. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच कोस्तावरून म्हणजे समुद्रकिनाऱ्याकडून आणि सेव्हियाहून बसेस येतात आणि पुलावर पाय ठेवायला जागा नसते, पाचनंतर त्या सगळ्या परत जातात. मग अल्मोकाबार दरवाजाबाहेर सान फ्रान्सिस्को भागातल्या चौकात जाऊन बसा, तिथे गावातली माणसं येतात, पोरं फुटबॉल खेळत असतात, आणि मेनू चार भाषांत नसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी उघडायच्या वेळेला हमामात जा.

कसं जायचं? ट्रेन बरी की बस?

मालागा एअरपोर्ट सगळ्यात सोयीचा. मुंबईहून येणारे गल्फमध्ये किंवा युरोपात कुठेतरी विमान बदलून येतात. मालागाहून बसला दोन तासांच्या आसपास, सेव्हियाहून थोडा जास्त. बस साधी सोपी. ट्रेनला बऱ्याचदा मधे बदलावं लागतं आणि गाड्या कमी, पण आल्हेसिरासहून रोंदाला येणारी लाइन अतिशय सुंदर आहे, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांच्या पैशाने आणि इंजिनिअरांनी झालेली, जिब्राल्टरचे इंग्रज अधिकारी उन्हाळ्यात थंड हवेला वर यायचे त्यांच्यासाठी सोयीची. वेळापत्रक जायच्या आठवड्यात पुन्हा बघा, या लाइनवर कामं निघाली की तुकड्या तुकड्यात बस लावतात.

गाडी घेणार असाल तर उजव्या बाजूने चालवायचं हे आलंच, इंटरनॅशनल परमिट भारतातूनच काढून न्या. मारबेयाच्या बाजूने सान पेद्रोहून वर येणारा रस्ता वळणावळणाचा आहे, ज्यांना घाटात मळमळतं त्यांनी मालागाहून आतल्या रस्त्याने यावं. जुन्या गावात गाडी घालू नका, गल्ल्या अरुंद आणि कॅमेऱ्याचा दंड घरी येतो. मेर्कादियोत अंडरग्राउंड पार्किंग आहे.

कधी जावं?

एप्रिल, मे, नाहीतर सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी पस्तिशीच्या वर जातं पण उंचीमुळे रात्र बरी असते, सेव्हियापेक्षा खूपच बरी. हिवाळ्यात सकाळी कडाका असतो आणि पाऊस, शेजारचं ग्रासालेमा तर स्पेनमधल्या सगळ्यात जास्त पावसाच्या जागांपैकी एक आहे. सप्टेंबरच्या सुरुवातीला पेद्रो रोमेरोची जत्रा असते, हॉटेलं मिळत नाहीत.

आई-बाबांना घेऊन जायचंय, गुडघे दुखतात, जमेल का?

वरचं गाव जमेल. पूल, बुलरिंग, सान्ता मारियाचा चौक, मोंद्रागोन हे साधारण सपाटीवर आहे, फक्त गोटे घातलेले रस्ते, चप्पल नको बूट हवेत. ला मिना अजिबात नको, पायऱ्या ओल्या, उंच-सखल आणि अंधाऱ्या, आणि उतरलं की तेवढंच परत चढायचं असतं, मधे लिफ्ट वगैरे काही नाही. हमामाला उतरताना काही वाटत नाही, परत वर येताना जीव जातो, तेव्हा टॅक्सीने खाली सोडायला आणि न्यायला सांगा, अंतर कमी आहे त्यामुळे पैसेही फार होत नाहीत.

आम्ही शुद्ध शाकाहारी, उपाशी राहू का?

राहणार नाही, पण विचारून खा. हामोन म्हणजे डुकराचं सुकवलेलं मांस ही इथे कोथिंबिरीसारखी वरून भुरभुरवायची गोष्ट आहे, साल्मोरेखो या टोमॅटोच्या गार सूपवर हामोन आणि अंडं असतं, साध्या सॅलडमध्ये ट्यूना असतो आणि वेटरच्या मते ट्यूना म्हणजे मांस नाही. नुसतं "वेहेतारियानो" सांगून भागत नाही, "सिन कार्ने, सिन हामोन, सिन आतून" असं तिन्ही म्हणा, म्हणजे मांस नको, हामोन नको, ट्यूना नको. काय मागवायचं तर आहोब्लांको, बदाम आणि लसणीचं गार सूप वर द्राक्षं, हे मूरांच्या काळापासूनचं मानतात. तळलेल्या वांग्यावर उसाची काकवी घालून देतात, ते आपल्या लोकांना हमखास आवडतं. पालक आणि छोले, त्यात जिरं असतं, घरची आठवण येते. पण छोल्यांच्या दाट रस्सा-भाजीत चोरिसो म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज असू शकतो, विचारा. बिस्किटांपैकी मान्तेकादो आणि पोल्वोरोन यात डुकराची चरबी असते, शाकाहारी आणि मुसलमान दोघांनीही जपून. नळाचं पाणी पिता येतं.

आणि वेळ! दुपारचं जेवण दीड ते चार, रात्रीचं साडेआठच्या आधी स्वयंपाकघर सुरूच होत नाही. दोन ते पाच छोटी दुकानं बंद. मुलं बरोबर असतील तर बॅगेत खाकरे-चिवडा असू दे.

बुलरिंग बघावी का? आम्हाला तो प्रकार आवडत नाही

झुंज फक्त सप्टेंबरच्या जत्रेत असते, एरवी रिकामी रिंग आणि म्युझियम. १७८५ ची आहे, स्पेनमधल्या जुन्या रिंगांपैकी, रिंगणाचा व्यास ६६ मीटर. इथलाच पेद्रो रोमेरो, त्याने पाच हजारांच्या वर बैल मारले असं सांगतात. दगडी बांधकाम देखणं आहे यात वाद नाही. मनाला पटत नसेल तर बाहेरून बघून पुढे जा, त्या तासात कासा देल हिगान्ते होतं.

ग्रानादा आणि कोर्दोबा केलं, मग रोंदात वेगळं काय?

ग्रानादाचा आल्हाम्ब्रा राजाचा राजवाडा, कोर्दोबाची मशीद खलिफाची. रोंदात राजवाडा नाहीच. इथे गावाचं पाणी कसं यायचं, लोक कुठे धुवायचे, दरवाजा कुठे, दफनभूमी कुठे हे दिसतं, एक मध्यम आकाराचं गाव रोज कसं चालायचं ते. ज्यांना फक्त नक्षी बघायचीय त्यांनी आल्हाम्ब्रा करावा, त्याची तिकिटं मात्र आठवडे आधी संपतात.

पुलाचा फोटो कुठून?

जुन्या गावातल्या मारिया आउक्सिलियादोरा चौकातून दरीत उतरणारी पायवाट धरा. तिथून पश्चिमेची बाजू दिसते, म्हणजे ऊन दुपारनंतर. वाट सुटी, मातीची, पावसात नको.

आसपास काय?

सेतेनिल दे लास बोदेगास, डोंगराच्या कपारीखाली घरं, पण शनिवार-रविवारी गर्दी भयंकर. आसिनिपो, रोमन शहराचे अवशेष आणि उघड्या माळावर एक थिएटर, मला सेतेनिलपेक्षा हे आवडतं. बेनाओहानजवळ पिलेताची गुहा, आत अश्मयुगीन चित्रं, गाइडबरोबरच आणि आधी ठरवून. गाडी नसेल तर यातलं फारसं जमत नाही.

व्हिसा?

शेंगेन. मुख्य मुक्काम स्पेनमध्ये असेल तर स्पेनचाच अर्ज करा. सहा महिने आधीपासून करता येतो, एप्रिल-मेसाठी अपॉइंटमेंट लवकर भरतात. फी मोठ्यांना ९० युरो, वर सेंटरचा चार्ज वेगळा, इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा. हॉटेल बुकिंगमध्ये रोंदाची एक रात्र धरलीत तर ती दिवसांच्या प्लॅनमध्ये पण लिहा, दोन्ही कागद जुळले पाहिजेत.

तिथून आणायचं काय?

ऑलिव्ह ऑइल, पण चेक-इन बॅगेत. पायोया बकरीच्या दुधाचं चीज, व्हॅक्यूम पॅक मागा. येमास देल ताहो ही अंड्याच्या बलकाची मिठाई आहे, फार गोड, दोन दिवसांत संपवावी लागते, त्यामुळे ती भारतात न्यायच्या भानगडीत पडू नका, तिथेच खा. चुंबक आणि पंखे पुलाजवळ महाग, मेर्कादियोच्या मुख्य पादचारी रस्त्यावर स्वस्त.